गर्भिणी व सूतिका यांची अंगदुखी

गर्भधारणेपासून प्रसूतीनंतर शरीर पूर्ववत होईपर्यंतच्या काळात स्त्रीच्या पाठ, कंबर, श्रोणी (कटिबंधाच्या हाडांचे कडे), पाय, मनगटे इ. भागांत होणाऱ्या वेदनांना व्यवहारात ‘अंगदुखी’ असे मोघम नाव देतात. या वेदना बहुधा कोणत्याही रोगामुळे होत नाहीत. शरीरातील स्वाभाविक बदल आणि त्या बदललेल्या शरीरावर पडणारा श्रमाचा भार ही त्यांची दोन कारणे होत. पैकी पहिले कारण टाळता येण्याजोगे नसते. दुसरे मात्र बऱ्याच अंशी हाती असते आणि प्रतिबंधाचा सारा विचार त्यावरच उभा आहे. या तक्रारी फार सार्वत्रिक आहेत. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता दोन-तृतीयांशांहून अधिक गर्भिणींना कंबरदुखी आणि सु. एक-पंचमांश गर्भिणींना श्रोणीतील वेदना होतात असे आढळले आहे. त्या इतक्या सामान्य असल्यामुळेच ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ असे म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती घरात व काही वेळा दवाखान्यातही दिसते. परंतु सामान्य असणे आणि निरुपाय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शरीरातील बदल : शेवटच्या ऋतुस्रावाच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास गर्भारपणाचा काळ सु. २८० दिवसांचा असतो. या काळात निरोगी स्त्रीचे वजन साधारणपणे १० ते १२ किग्रॅ. वाढते. जन्मणाऱ्या मुलाचे वजन त्यात सु. ३ किग्रॅ. एवढेच असते, उरलेली वाढ वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय, स्तन, रक्त, ऊतकांतील द्रव आणि स्तनपानासाठी साठविलेली चरबी यांची असते. शरीराच्या कोणत्या बाजूस हा भार येतो याला भाराच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्व आहे. गर्भाशय श्रोणीतून वर चढून पुढे झुकू लागले की, शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. तोल सांभाळण्यासाठी स्त्री खांदे मागे टाकते व कंबरेतील पृष्ठवंशाचा नैसर्गिक बाक वाढतो. पाठीचे स्नायू आखडून ताणलेले राहतात, तर पोटाचे स्नायू लांबून दुर्बल होतात.

मनुष्यजात दोन पायांवर चालू लागल्यापासून हा प्रश्न तिच्यासोबत आहे. कॅथरिन व्हिटकम व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, कंबरेच्या मणक्यांपैकी पाचरीच्या आकाराचे मणके पुरुषांत दोन, तर स्त्रियांत तीन असतात. त्यामुळे स्त्रीच्या कंबरेचा बाक अधिक मणक्यांवर विभागला जातो आणि पुढे आलेला भार तिला तोलता येतो. हाच भेद सु. वीस लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्यांच्या जीवाश्मांतही आढळतो. अशा रीतीने निसर्गाने तोल राखण्याची सोय केली आहे. दिवसभर वाकून करावयाच्या कामाची मात्र केलेली नाही.

दुसरा बदल सांध्यांत होतो. पीतपिंड (बीज बाहेर पडल्यानंतर अंडकोशात तयार होणारी ग्रंथी) व वार यांपासून स्रवणाऱ्या हॉर्मोनांमुळे श्रोणीच्या सांध्यांचे बंध सैल होतात. त्यांपैकी रिलॅक्सिन या हॉर्मोनाचा शोध फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांत लावला. मानवी रक्तात त्याचे प्रमाण पहिल्या तिमाहीतच सर्वाधिक असते. शिवाय ज्या स्त्रीत ते अधिक, तिला दुखणेही अधिक, असा सरळ संबंध आढळलेला नाही. म्हणून सर्व दुखण्याचा दोष या एका हॉर्मोनाकडे देणे बरोबर नाही. श्रोणीच्या पुढील बाजूस दोन जघनास्थी जेथे कूर्चेने जोडल्या जातात, तेथील फट एरवी ४ ते ५ मिमी. असते, गर्भारपणी ती आणखी २ ते ३ मिमी.नी रुंदावते. प्रसूतीच्या वेळी मुलाचे डोके बाहेर पडण्यास हे सैलपण उपकारक असले, तरी तोपर्यंत त्या सांध्यांना स्थिर ठेवण्याचे काम स्नायूंवर पडते. ज्या स्त्रीचे स्नायू आधीपासून दुबळे असतात किंवा जिला पूर्वी कंबरदुखी होती, तिला त्रास होण्याचा संभव म्हणूनच अधिक असतो.

वेदनांचे प्रकार : कंबरदुखी आणि श्रोणीवेदना या एकच समजल्या जातात, पण त्या वेगळ्या आहेत व त्यांचे उपायही काहीसे वेगळे आहेत. कंबरदुखीत वेदना कमरेच्या पट्ट्यात जाणवते आणि फार वेळ उभे राहिल्याने, वाकल्याने वा दिवसाच्या अखेरीस वाढते. श्रोणीवेदना त्याखाली, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना खळगे दिसतात तेथे किंवा पुढे जघनास्थींच्या सांध्यावर असते. ती नितंबात व मांडीच्या मागील भागात उतरते, मात्र सहसा गुडघ्याखाली जात नाही. कूस पालटताना, जिना चढताना, एका पायावर भार देऊन लुगडे वा सलवार नेसताना, वाहनातून उतरताना ती तीव्र होते. वेदना पायाच्या पंजापर्यंत जात असेल व सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मणक्यांतील चकती सरकून तंत्रिकेवर (मज्जातंतूवर) दाब आल्याची शंका घ्यावी लागते. असे गर्भारपणी क्वचितच घडते.

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून एकदम उठताना किंवा खोकताना जांघेत किंवा ओटीपोटाच्या एका बाजूस क्षणभर कळ येते. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे गोल बंध ताणले गेल्यामुळे ती येते आणि निरुपद्रवी असते. उत्तरार्धात रात्री पोटऱ्यांत गोळे किंवा वांब येतात. त्यांचे नेमके कारण निश्चित झालेले नाही. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या गोळ्यांनी ते थांबतात याचा पुरावाही दुबळा आहे. गोळा आला असता गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढल्यास तो लगेच सुटतो. निजण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम केल्यास त्रास कमी होतो, असा अनेकींचा अनुभव आहे.

शेवटच्या महिन्यांत अंगात द्रव साठल्यामुळे मनगटातील अरुंद मार्गातून जाणारी मध्य तंत्रिका दाबली जाते. मग पहाटे अंगठा व त्याशेजारची बोटे बधिर होऊन मुंग्या येतात, हातातून वस्तू सुटते, शिवणकाम वा लेखन अवघड होते. रात्री मनगट सरळ ठेवणारी आधारपट्टी बांधणे हा यावरील साधा व गुणकारी उपाय असून प्रसूतीनंतर ही तक्रार बहुधा आपोआप नाहीशी होते. हातातील घट्ट बांगड्या मात्र वेळीच उतरवाव्यात. मांडीच्या बाहेरील बाजूच्या त्वचेचा बधिरपणा व जळजळ हाही अशाच तंत्रिकादाबाचा प्रकार होय. परकराची किंवा सलवारीची नाडी कमरेवर करकचून बांधण्याने तो वाढतो. पायांतील फुगलेल्या नीला, घोट्यांची सूज व मूळव्याध हे त्रास रक्ताच्या परतीच्या मार्गावर वाढत्या गर्भाशयाचा दाब पडल्याने व हॉर्मोनांमुळे नीलांच्या भित्ती सैल पडल्याने होतात. ते स्नायूंचे विकार नसले, तरी ‘पाय भरून येणे’ या तक्रारीत त्यांचा वाटा मोठा असतो.

धोक्याची लक्षणे : अंगदुखी समजून सोडून देऊ नयेत अशी काही दुखणी आहेत. ठराविक अंतराने येऊन जाणारी व पुढे ओटीपोटात उतरणारी कंबरदुखी सदतीस आठवड्यांपूर्वी सुरू झाल्यास ती अकाली प्रसूतीची कळ असू शकते. एकाच पायाची पोटरी सुजून गरम व दुखरी झाल्यास खोल नीलेत रक्त साखळल्याचा संशय घ्यावा. गर्भारपणात व विशेषतः प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत रक्त साखळण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि ती गुठळी फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा पायाला मालीश करणे अत्यंत धोक्याचे आहे. चेहरा व हात यांवर अचानक आलेली सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे व उजव्या बरगडीखालील वेदना ही गर्भारपणातील रक्तदाबवाढीच्या विकाराची चिन्हे होत. ताप व लघवीची जळजळ यांसह एका कुशीत दुखत असल्यास मूत्रपिंडाचा संसर्ग संभवतो. दोन्ही मांड्यांच्या आतील भागात बधिरपणा येऊन लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, तसेच वेदनेबरोबर रक्तस्राव होणे, या स्थितींत तास-दोन तासही न दवडता रुग्णालय गाठावे लागते.

गर्भारपणातील प्रतिबंध : पूर्ण विश्रांती हा अंगदुखीवरचा उत्तम उपाय आहे, हा समज आता मागे पडला आहे. अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू अधिक दुबळे होतात आणि रक्त साखळण्याचा धोका वाढतो. कष्टाचे काम व व्यायाम या मात्र एकच गोष्ट नव्हेत, हेही लक्षात घ्यावयास हवे. ‘गरीब बायका शेवटच्या दिवसापर्यंत राबतात, त्यांना कुठे काय होते’ हे विधान वारंवार ऐकू येते. त्यांना जे होते ते सहसा कोठे नोंदले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. व्यायामात स्नायूंना आळीपाळीने ताण व विसावा मिळतो; कष्टाच्या कामात एकाच स्थितीत तासन्‌तास ताण राहतो आणि थांबण्याची वेळ करणारीच्या हाती नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार, वैद्यकीय दृष्ट्या मनाई नसलेल्या गर्भिणीने व सूतिकेने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. भराभर चालणे हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार होय. ज्यांना सोय आहे त्यांना पाण्यातील व्यायाम विशेष मानवतात, कारण पाणी पोटाचा भार उचलून धरते. कंबरेसाठी सोपा व्यायाम असा : भिंतीला पाठ लावून, पाय किंचित पुढे घेऊन उभे राहावे आणि पोट आत ओढून कंबरेचा बाक भिंतीला टेकवावा, पाच मोजेपर्यंत थांबून सोडावा. हाच व्यायाम हात व गुडघे टेकून, पाठ मांजरासारखी वर उचलूनही करतात. वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, रक्तस्राव, अकाली प्रसूतीची भीती, हृदयविकार यांसारख्या स्थितींत मात्र डॉक्टरांच्या संमतीवाचून कोणताही व्यायाम करू नये.

निजण्याच्या पद्धतीला उत्तरार्धात विशेष महत्त्व येते. उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार अधोमहानीलेवर पडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. त्यामुळे चक्कर व मळमळ येते आणि गर्भाला होणारा रक्तपुरवठाही घटतो. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपी जाताना कोणत्या तरी एका कुशीवर निजावे. डावी की उजवी याला फारसे महत्त्व नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी व पोटाखाली घडी घातलेले लुगडे ठेवल्यास श्रोणीच्या सांध्यांना आधार मिळतो. उठताना सरळ उठून बसू नये. गुडघे जुळवून कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे आणि हातांनी रेटा देऊन उठावे. एवढ्या एका सवयीने श्रोणीवेदना पुष्कळ आटोक्यात राहते.

घरकामाची मांडणी बदलता येते, पण तिकडे क्वचितच लक्ष दिले जाते. धुणे, भांडी, केरवारा, फरशी पुसणे, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणे ही कामे जमिनीलगत व वाकून करावयाची असतात. कपडे धुण्याचा दगड कमरेच्या उंचीवर असणे, केरसुणीला लांब दांडा असणे, विळीऐवजी ओट्यावर सुरीने भाजी चिरणे, बसण्यास पाटाऐवजी उंचसे स्टूल घेणे यांस फारसा खर्च येत नाही. उकिडवे बसून फरशी पुसल्याने प्रसूती सुलभ होते, हा समज सर्वत्र आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. उलट जघनसांध्यात वेदना असलेल्या स्त्रीने पाय फाकवून सरकत जाण्याचे हे काम कटाक्षाने टाळावे. (सुश्रुतसंहितेतही गर्भिणीने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत उकिडवे बसणे सांगितलेले आहे.) ज्यांना वेदना नाही त्यांनी थोडा वेळ उकिडवे बसण्यास हरकत नाही. ओझे उचलावेच लागल्यास कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकून, वस्तू अंगाशी धरून उचलावे व उचलताना कंबर पिळू नये. पाण्याचा एक मोठा हंडा आणण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन लहान कळश्या घेऊन अधिक खेपा करणे बरे. कडेवर घागर घेतल्याने श्रोणीच्या एकाच बाजूवर भार पडतो. मोठ्या मुलाला कडेवर घेण्यालाही हाच नियम लागू आहे. उभ्याने काम करणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, दुकानातील विक्रेत्या यांनी एक पाय आलटून-पालटून लहान चौरंगावर ठेवल्यास कंबरेचा बाक कमी होतो. टाचा उंच असलेली पादत्राणे या काळात वापरू नयेत.

श्रोणीभोवती बांधावयाच्या रुंद पट्ट्याने काहींना आराम पडतो. तो पोटावर न बांधता पोटाखाली, नितंबांच्या उंचीवर बांधावयाचा असतो व चालताना-काम करतानाच वापरावयाचा असतो.

हाडांचे आरोग्य : ज्या दुखण्याला स्नायूंचे दुखणे समजले जाते, ते कधीकधी हाडांचे असते. पूर्ण वाढ झालेल्या गर्भाच्या शरीरात सु. ३० ग्रॅ. कॅल्शियम असते आणि त्यातील बहुतेक भाग शेवटच्या तिमाहीत आईकडून जातो. गर्भारपणात आईच्या आतड्यांची कॅल्शियम शोषून घेण्याची क्षमता वाढते. स्तनपानाच्या काळात मात्र तिच्या हाडांतून कॅल्शियम काढले जाते व अंगावरचे दूध सुटल्यावर हाडे पुन्हा भरून येतात. ड जीवनसत्त्व कमी असल्यास ही व्यवस्था कोलमडते. हाडे मऊ होऊन (अस्थिमार्दव) कंबर, मांड्या व बरगड्या सतत दुखतात, स्त्री बदकासारखी डुलत चालते आणि श्रोणीची हाडे आत दबून प्रसूतीचा मार्गच अरुंद होतो. काश्मीरमध्ये वैद्यकीय काम केलेल्या कॅथलीन व्हॉन या ब्रिटिश डॉक्टरांनी या विकाराचा संबंध पडदापद्धतीशी जोडला. झडपांआड राहणाऱ्या स्त्रियांना सूर्यप्रकाश मिळत नाही व त्यांच्या प्रसूती अडतात, तर नावांवर व शेतांत वावरणाऱ्या स्त्रिया सहज बाळंत होतात, हे त्यांचे निरीक्षण होते. १९२८ मध्ये त्यांचा यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमध्ये गर्भिणींच्या व्यायामाचा प्रसार करणाऱ्यांत त्या होत्या. आज इतक्या टोकाचा विकार विरळा झाला असला, तरी ड जीवनसत्त्वाची उणीव भारतीय स्त्रियांत, भरपूर ऊन असणाऱ्या प्रदेशांतही, वारंवार आढळते.

केंद्र शासनाच्या २०१४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भिणीला चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमाच्या गोळ्या दिवसातून दोन वेळा द्यावयाच्या असतात. लोहाच्या व कॅल्शियमाच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियमामुळे लोहाचे शोषण कमी होते. थकवा व अंग मोडून येणे यांमागे पुष्कळदा रक्तक्षय असतो. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्क्यांहून अधिक गर्भिणींत तो आढळला. अशा स्त्रीला केवळ तेल चोळून बरे वाटणार नाही.

प्रसूतीनंतर : बाळ जन्मले की पोटातील भार संपतो, पण हातावरचा सुरू होतो. सैल झालेले बंध लगेच घट्ट होत नाहीत. त्यास काही महिने लागतात. याच काळात नवी माता अपुऱ्या झोपेवर दिवसातून आठ ते बारा वेळा बाळाला पाजते आणि त्याहून अधिक वेळा त्याला उचलते व ठेवते. पाजताना बाळाकडे वाकल्याने मान, खांदे व पाठ यांचा वरचा भाग आखडतो. यासाठीचा नियम एका वाक्यात सांगता येतो : स्तन बाळाकडे नेऊ नये, बाळाला स्तनाकडे आणावे. पाठीला भिंत किंवा तक्क्या, मांडीवर उशी व तिच्यावर बाळ, अशी बैठक असावी; खाली मांडी घालून बसता येत नसल्यास खुर्चीवर बसून पायांखाली पाट घ्यावा. रात्री, तसेच पोट फाडून बाळंतपण झाले असल्यास, कुशीवर निजून पाजणे सोयीचे असते. लुगड्याची झोळी खाली लोंबत बांधण्याऐवजी आईच्या कमरेच्या उंचीवर, पक्क्या आधाराला बांधावी. दिवसातून कितीदा वाकावे लागते हे मोजल्यास या साध्या बदलाचे मोल कळते.

बाळाला काखांत हात घालून, अंगठे ताणून उचलण्याच्या सवयीने मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस तीव्र वेदना सुरू होते. अंगठा हलविणाऱ्या दोन कंडरांच्या आवरणाला सूज आल्याने ती होते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले व त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. एक हात बाळाच्या डोक्यामानेखाली व दुसरा ढुंगणाखाली घालून, मनगट सरळ ठेवून उचलल्यास तो टाळता येतो; झाल्यास अंगठ्याला आधारपट्टी बांधून विश्रांती द्यावी लागते.

गर्भारपणी पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात. उताणे निजून, गुडघे वाकवून डोके किंचित उचलले असता बेंबीपाशी दोन बोटांहून रुंद खाच लागल्यास ते अद्याप जुळले नाहीत असे समजावे. पहिल्या आठ आठवड्यांत ही फट बरीच कमी होते. या अवस्थेत एकदम उठून बसण्याचे (‘सिट-अप’) व्यायाम करू नयेत; श्वास सोडत पोट आत ओढण्यापासून आरंभ करावा. श्रोणीतलाचे, म्हणजे मूत्रमार्ग, योनी व गुद यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंचे व्यायाम तर प्रसूतीनंतर वेदना सोसवू लागताच सुरू करावेत. अमेरिकन स्त्रीरोगतज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्यांचा पुरस्कार केला. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच ते दहा सेकंद आवळून सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. खोकताना-हसताना लघवी सुटणे हा बायकांनी मुकाट्याने सोसण्याचा विकार नसून तो या व्यायामाने पुष्कळांत बरा होतो.

शस्त्रक्रियेसाठी कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळे जन्माची कंबरदुखी मागे लागते, असे महाराष्ट्रात घरोघरी मानतात. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखते हे खरे. परंतु ते घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली असता दीर्घकालीन कंबरदुखीच्या प्रमाणात फरक आढळत नाही. खरे कारण बहुधा दुबळे झालेले पोटाचे स्नायू व बाळाच्या संगोपनातील वाकणे-उचलणे हेच असते. इंजेक्शनाला दोष देऊन व्यायाम टाळला जातो, ही यातील हानी होय.

परंपरागत परिचर्या : गर्भिणीची जपणूक करण्याचा विचार भारतात फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्याप्रमाणे न हिंदकळता सांभाळावे असे म्हटले असून महिनावार आहार व नवव्या महिन्यातील स्नेहनाचे उपचार दिले आहेत. प्रसूतीनंतर तेल-तूप लावून पोटाभोवती मोठे वस्त्र गुंडाळण्याचा निर्देशही तेथे आहे. सुश्रुताने सूतिकाकाळ दीड महिन्याचा मानला आहे. महाराष्ट्रात सव्वा महिन्याची पद्धत रूढ आहे. पहिले बाळंतपण माहेरी करणे, रोज अंगाला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालणे, बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपा यांची धुरी देणे, पोट बांधणे, डिंकाचे व अळिवाचे लाडू हे तिचे घटक होत.

त्यांची पारख एकत्रितपणे न करता एकेकाची करावयास हवी. मालिशीने स्नायू सैल होतात, झोप लागते, आणि बाळंतिणीकडे कोणी तरी तासभर लक्ष देते, हाही उपचारच आहे. टाक्यांची जागा व सुजलेली पोटरी तेवढी वगळावी. पोट बांधल्याने शस्त्रक्रियेनंतर हालचाल करताना आधार मिळतो, परंतु स्नायू जुळून येतात वा पोट कायमचे आत जाते असे नाही. फार आवळून बांधल्यास श्रोणीतलावर दाब मात्र वाढतो. लाडवांतून उष्मांक व अळिवातून लोह मिळते. कोंडलेल्या खोलीतील कोळशाची शेगडी मात्र निश्चितपणे घातक आहे, कारण तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू माता व बालक या दोघांच्या जिवावर उठू शकतो. पाणी कमी पिण्याचे पथ्यही सोडून द्यावे; त्याने मलावरोध होतो व कुंथण्याने टाके आणि कंबर दोन्ही दुखतात. लांब पाय करून बसून पायांवर बाळाला न्हाऊ घालण्याची रीत बाळासाठी सोयीची असली, तरी तशा बैठकीत कमरेवर ताण येतो; आजीने किंवा सुईणीने ते करण्याचा प्रघात त्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. सव्वा महिना अंथरुणावर पडून राहणे इष्ट नाही, पण सव्वा महिना चूल, पाणी व धुणे यांतून सुटका मिळणे फार इष्ट आहे. ही सुटका पहिल्या खेपेस माहेरी मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात, जेव्हा शरीर अधिक थकलेले व घरात आधीचे मूल असते तेव्हा, ती पुष्कळदा मिळत नाही.

औषधे : वेदना असह्य झाल्यास गर्भारपणात पॅरासिटामॉल हे पहिले औषध मानले जाते, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने व शक्य तितके थोडे दिवस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी दाहशामक औषधे विसाव्या आठवड्यानंतर टाळावीत. त्यांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या तिमाहीत गर्भाच्या हृदयालगतची एक महत्त्वाची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीत हीच औषधे असण्याचा संभव असतो. स्तनपानाच्या काळात पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन ही दोन्ही सामान्यतः निर्धोक समजली जातात. शेक देण्यास हरकत नाही. तो कोमट असावा व पोटावर देऊ नये.

श्रम आणि कायदा : कामकरी गर्भिणीच्या शरीरावरील ताण हा खाजगी प्रश्न नाही, ही जाणीव भारतात प्रथम मुंबईच्या गिरण्यांमुळे झाली. मुंबई विधिपरिषदेत २८ जुलै १९२८ रोजी झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी गिरणीकामगार स्त्रियांना प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगून विधेयकास पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ अधिनियम झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतरच्या १९६१ च्या केंद्रीय अधिनियमात भरपगारी रजेबरोबरच, प्रसूतीपूर्वीच्या ठराविक काळात स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देऊ नये अशी तरतूद करण्यात आली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतलेल्या आहेत. त्यांचा लाभ आस्थापनांतील नोकरदार स्त्रियांना होतो. भाताची लावणी करणाऱ्या, वीटभट्टीवर व बांधकामावर राबणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्षात त्यांच्या बाहेरच राहतात. मराठवाड्यातून दरवर्षी हंगामी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पुरुषाने ऊस तोडावयाचा, बाईने मोळ्या बांधावयाच्या आणि डोक्यावरून वाहनापर्यंत न्यावयाच्या, अशी कामाची सर्वसाधारण वाटणी असते. गर्भारपणामुळे एक दिवस काम बुडाले, तरी त्याचा ‘खाडा’ उचलीच्या हिशेबात धरला जातो.